बिल्डरने भरलेल्या पैशात आपल्या वस्तीचा वाटा किती?

कृष्णाकाठचा

मी इंग्लंडात एका लहान गावात राहतो. गावाला लागून शेतं होती, तिथे आता घरं उभी राहताहेत. अशा बांधकामावर इथे जो कर घेतात आणि त्यातला ठरलेला हिस्सा गावाच्याच हातात येतो, त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पुण्या-ठाण्यात, आमच्या साताऱ्यातसुद्धा, एवढी बांधकामं चालली आहेत आणि त्यातून पालिकांकडे एवढा पैसा जमा होतो, की हा विषय आपल्याकडे घरोघरी बोलला जायला हवा.

या कराचं नाव कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही. बोलताना सगळे 'सिल' म्हणतात. २००८ च्या प्लॅनिंग ॲक्टमध्ये त्याची तरतूद झाली आणि एप्रिल २०१० पासून नियम लागू झाले. तो लावायचा की नाही हे प्रत्येक कौन्सिलने ठरवायचं. लावायचा तर आधी दरपत्रक काढायचं, त्यावर हरकती मागवायच्या, आणि मग एक बाहेरचा परीक्षक ते तपासतो. एवढा दर लावला तर इथे घरं बांधणं परवडेल का, हे तो मुख्यतः बघतो. दर चौरस मीटरवर असतो. वाढीव बांधकाम १०० चौरस मीटरच्या आत असेल आणि त्यात नवं घर नसेल तर कर नाही. परवडणाऱ्या भाड्याच्या घरांना आणि धर्मादाय इमारतींना सवलत आहे. काम सुरू झालं की रक्कम देय होते.

आता मुद्द्याची गोष्ट. या रकमेतला १५ टक्के हिस्सा, ज्या पॅरिशच्या हद्दीत बांधकाम झालं त्या पॅरिश कौन्सिलला द्यावाच लागतो. पॅरिश कौन्सिल म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत, अधिकार मात्र बरेच कमी. गावाने स्वतःचा 'नेबरहुड प्लॅन' तयार करून तो सार्वमताने मंजूर करून घेतला असेल तर हिस्सा २५ टक्के. शिवाय १५ टक्क्यांवर वरची मर्यादा आहे: गावात आधीपासून असलेल्या प्रत्येक घरामागे वर्षाला १०० पौंड (हा आकडा महागाईप्रमाणे वाढतो). २५ टक्क्यांना अशी मर्यादा नाही.

आकड्यांत सांगतो. समजा दर १५० पौंड आहे आणि ९० चौरस मीटरची ४० घरं खुल्या विक्रीसाठी बांधली. कर झाला ५ लाख ४० हजार पौंड. त्याचे १५ टक्के म्हणजे ८१ हजार. पण गाव ४०० घरांचं असेल तर मर्यादेमुळे, मूळ १०० पौंडांच्या हिशेबाने, हातात पडणार ४० हजार. त्याच गावाचा प्लॅन मंजूर असेल तर १ लाख ३५ हजार. एवढा फरक पडतो, म्हणून लोक चिकाटीने प्लॅन करतात.

आमच्या गावाने केला. हॉलमधल्या लांब टेबलावर गावाचा नकाशा पसरलेला असायचा. जिथे चालताना भीती वाटते तिथे लाल टिकली लावायची, जिथे काहीतरी नवं हवंय तिथे हिरवी. शाळेजवळच्या वळणावर लाल टिकल्यांचा असा थर जमला की खालचा रस्ता दिसेनासा झाला. त्यामुळे पैसे आल्यावर पहिलं काम कोणतं यावर वाद झालाच नाही: नव्या वसाहतीपासून शाळेपर्यंत पायवाट. तरीही वेळ फार गेला. पैसे पॅरिशचे असले तरी रस्ता काउंटीच्या (म्हणजे जिल्हा पातळीवरच्या कौन्सिलच्या) ताब्यात, त्यामुळे आराखडा आणि सुरक्षेची तपासणी त्यांनीच करायची. तोवर मुलं कडेच्या गवतातून चालत होती. याचा मला खूप राग यायचा, आणि पैसा जवळ असणं आणि काम करायचा अधिकार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा चांगलंच कळलं.

हिशेब मात्र उघडा असतो. पॅरिशने किती मिळाले, कशावर खर्च झाले, किती शिल्लक आहेत हे दरवर्षी छापायचं. मिळाल्यापासून ५ वर्षांत वापरले नाहीत तर वरची कौन्सिल परत मागू शकते.

महाराष्ट्रात बिल्डर जे विकास शुल्क भरतो त्यातलं आपल्या प्रभागाला काय मिळतं? कोणी आतली माहिती असलेलं सांगेल का?

पाऊलवाट

फार बरं झालं हा धागा काढलात. आमच्या भागात जुन्या तीन-चार मजली सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जाताहेत. जिथे १६ कुटुंबं होती तिथे ७०-८० येतात. रस्ता तेवढाच, ड्रेनेजची लाइन तीच. पावसाळ्यात चेंबरमधून पाणी वर येतं आणि आम्ही तक्रार केली की क्षेत्रीय कार्यालयातून उत्तर येतं, "निधी उपलब्ध नाही." मग त्या प्रत्येक इमारतीने परवानगी घेताना भरलेले पैसे कुठे आहेत? हा प्रश्न मी सोसायटीच्या सभेत विचारला तर कोणालाही, अगदी कमिटीतल्या सीए काकांनाही, सांगता आलं नाही.

फुटपाथचं दुःख तर विचारूच नका. माझी सासू वॉकर घेऊन चालते. बिल्डरने गेटसमोर गाड्यांसाठी उतार केलाय, पुढच्या सोसायटीसमोर फुटपाथ एकदम फूटभर उंच, त्याच्या पुढे विजेच्या डीपीचा खोका. शेवटी सासूबाई घरातच फेऱ्या मारतात.

आराखडा

मी नगररचना विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. जमेल तेवढं सांगतो.

आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा मूळ कायदा. त्यात १९९२ मध्ये सहा-अ हे प्रकरण घातलं, त्यातून विकास शुल्क आलं. सध्याची पद्धत अशी: वार्षिक मूल्यदर तक्त्यातला, म्हणजे रेडी रेकनरचा, जमिनीचा दर घ्यायचा. निवासी असेल तर जमीन विकसनासाठी त्याच्या अर्धा टक्का आणि बांधकामासाठी २ टक्के. औद्योगिकला पाऊण आणि ३, व्यापारीला १ आणि ४ टक्के. मेट्रोसारखे महत्त्वाचे वाहतूक प्रकल्प जिथे जाहीर झालेत तिथे हे शुल्क दुप्पट.

पाऊलवाट ताई, तुमच्यासाठी उदाहरण. जमिनीचा दर चौरस मीटरला ५०,००० रुपये, भूखंड ४,००० चौरस मीटर, बांधकाम १०,००० चौरस मीटर. जमिनीचे २५० रुपये दराने १० लाख, बांधकामाचे १,००० रुपये दराने १ कोटी. झाले १ कोटी १० लाख. मेट्रोचा अधिभार असेल तर २ कोटी २० लाख. हे फक्त विकास शुल्क. जादा एफएसआयचं (भूखंडाच्या मानाने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बांधायला मिळतं त्याचं) अधिमूल्य वेगळं, आणि ती रक्कम बहुतेक वेळा याच्यापेक्षा मोठी असते.

हा पैसा कुठे जावा हे कायद्यात आहे. कलम १२४-जे प्रमाणे त्याचा वेगळा विकास निधी ठेवायचा आणि तो हद्दीतल्या सार्वजनिक सुविधा, देखभाल आणि सुधारणा यांवर खर्च करायचा. 'हद्दीतल्या' म्हणजे संपूर्ण शहराच्या. ज्या प्रभागातून शुल्क आलं त्या प्रभागाला ठरावीक टक्का द्यावा असं त्या प्रकरणात कुठेही नाही. गाठ आहे ती इथे. उड्डाणपुलाला, नदीकाठाला, दुसऱ्या टोकाच्या जलवाहिनीला तो पैसा लावला तरी ते कायद्याला धरूनच आहे.

पाऊलवाट

म्हणजे वरच्या हिशेबाने, इंग्लंडसारखा १५ टक्क्यांचा नियम इथे असता तर एका इमारतीमागे आमच्या रस्त्याला १६ लाख ५० हजार मिळाले असते. अशा इमारती आमच्या भागात कितीतरी! ड्रेनेजची लाइन बदलून झाली असती हो.

वेम्बलीकर

लंडनमधून लिहिते. कृष्णाकाठचा यांनी लिहिलंय ते गावांना लागू आहे. लंडनमध्ये पॅरिश कौन्सिल जवळपास नाहीतच. वेस्टमिन्स्टरमधलं क्वीन्स पार्क हे त्यातलं पहिलं, २०१४ चं. पॅरिश नसेल तिथे तो १५ टक्के वाटा बरो (लंडनमधला पालिका विभाग) कौन्सिलकडेच राहतो, फक्त रहिवाशांशी बोलून खर्च करायचा अशी अट आहे. 'बोलून' याचा अर्थ प्रत्येक बरो आपापल्या परीने लावते. कुठे वॉर्डातले नगरसेवक ठरवतात, कुठे संस्था अर्ज करतात.

मी ब्रेंटमध्ये राहते. आपलं महाराष्ट्र मंडळ, १९३२ सालचं, याच बरोत डॉलिस हिलला आहे, त्यामुळे इथल्या अनेक मराठी लोकांना हा भाग माहीत असेल. ब्रेंटमध्ये या वाट्यासाठी संस्थांना अर्ज करता येतो. स्टेडियमभोवती वेम्बली पार्कमध्ये टॉवरमागून टॉवर झाल्यामुळे तिथून जमा होणारा सिल बाकी भागांच्या मानाने फार जास्त आहे.

पण वस्तीचा वाटा बाजूला काढल्यावर उरतो तो मोठा हिस्सा कौन्सिलच ठरवते, आणि खरा वाद तिथे होतो. २०१७ मध्ये ब्रेंटच्या कॅबिनेटने स्टेडियमकडे जाणाऱ्या 'ऑलिम्पिक वे' या रस्त्याच्या सुधारणेसाठी सिलमधून १ कोटी ७८ लाख पौंड द्यायचं ठरवलं. स्टेडियमपुढचा जुना काँक्रीटचा उतार काढून तिथे रुंद पायऱ्या केल्या. कौन्सिलचं म्हणणं, हजारो लोक इथून ये-जा करतात, सार्वजनिक जागा सुधारली. टीका करणाऱ्या रहिवाशांचं म्हणणं, नव्या लोकसंख्येला आधी दवाखाने आणि शाळा हव्यात, आणि पायऱ्यांचा फायदा स्टेडियमला आणि भोवतालच्या विकसकाला जास्त. मला दुसरं म्हणणं पटतं. डॉक्टरची वेळ मिळायला इथे किती थांबावं लागतं हे इथल्या प्रत्येक आईला माहीत आहे.

खाडीपलीकडे

सगळ्यांचं वाचलं. माझं मत वेगळं आहे आणि ते तळमळीने मांडतोय, कृपया समजून घ्या.

'जिथून पैसा आला तिथेच खर्च करा' हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण बांधकाम कुठे होतं? जिथे जमिनीला भाव आहे तिथे. आराखडा काकांनी सांगितलेलं शुल्क तर थेट रेडी रेकनरवरच आहे, म्हणजे महागड्या भागातली इमारत भरणार जास्त. त्यातला वाटा तिथेच राहिला तर वांद्र्याला पार्ल्याला बागा होत राहणार, आणि गोवंडी-मानखुर्दला काय? २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व वॉर्ड, म्हणजे हाच भाग, सगळ्यांत तळाशी होता. त्या भागात मी काम करतो. तिथे मुलं डम्पिंग ग्राउंडच्या वाऱ्यात वाढतात. अधिमूल्य भरण्यासारख्या इमारती तिथे नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला काहीच नाही असं होणार असेल तर तो नियम मला नको.

शहराचा पैसा शहराचाच. गरज जिथे जास्त तिथे आधी.

कृष्णाकाठचा

खाडीपलीकडे, तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे आणि इथेही तो आहेच. श्रीमंत दक्षिणेत दर जास्त लावता येतो. उत्तरेतल्या कित्येक कौन्सिलांनी सिल लावलाच नाही, कारण तेवढा दर लावला तर तिथे कोणी बांधणारच नाही.

पण वस्तीचा वाटा १५ किंवा २५ टक्केच आहे. व्यवस्थापनाला ५ टक्क्यांपर्यंत जातात. बाकीचे ७० ते ८० टक्के कौन्सिलने आपल्या हद्दीत कुठेही वापरावेत. तुम्ही म्हणता ती गरजेनुसार वाटणी त्या मोठ्या हिश्शात करता येते, नव्हे करायलाच हवी. आज महाराष्ट्रात सगळे १०० टक्के शहराचे आहेत. मग त्यातून मानखुर्दला जास्त मिळतं का? मिळत असेल तर मी माझं म्हणणं मागे घेतो.

खाडीपलीकडे

नाही मिळत. हे मान्य करावं लागेल. सगळा पैसा एका पिशवीत असला की तो ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातो, हे मी रोज बघतो. मग मी अशी मागणी करेन: बांधकाम झालेल्या वस्तीला १५ टक्के द्या, पण उरलेल्यातला ठरावीक भाग मागास वॉर्डांसाठी कायद्यानेच राखून ठेवा. दोन्ही एकत्र हवं. एक घेतलं आणि दुसरं सोडलं तर आमच्या लोकांचं नुकसान होणार.

वास्तुरंग

लहान प्रमाणात पुनर्विकासाची कामं करतो. माझी बाजूही ऐका.

विकास शुल्क, जादा एफएसआयचं अधिमूल्य, ॲन्सिलरी (पूरक) एफएसआयचं अधिमूल्य, कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर, शिवाय पाण्याचे, ड्रेनेजचे वेगळे पैसे. हे सगळं मी बांधकामाच्या आधी किंवा टप्प्याटप्प्याने भरतो. शेवटी ते फ्लॅट घेणाऱ्याच्या किमतीत नाहीतर जुन्या सभासदांना मिळणाऱ्या वाढीव जागेत वजा होतं. म्हणजे पैसा तुमचाच. त्याचा हिशेब मागण्याचा सगळ्यांत जास्त हक्क तुम्हाला आहे, हे माझ्यासारख्यानेच सांगायला हवं.

माझं दुखणं असं की एवढं भरूनही भोगवटा पत्र घेताना समोरचा रस्ता खोदलेलाच असतो. गिऱ्हाईक मला विचारतं, "रस्ता कधी होणार?" मी काय सांगू? इमारतीच्या कुंपणाबाहेर काहीही करायचा अधिकार मला नाही. ज्या कामासाठी पैसे घेतले त्या कामाची यादी आणि मुदत चलनाबरोबरच मिळाली पाहिजे.

आणि एक लक्षात आणून देतो. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने अधिमूल्यात ५० टक्के सूट दिली, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत. अट अशी होती की सूट घेणाऱ्याने ग्राहकाची मुद्रांक शुल्काची रक्कम भरायची. बाजार तेव्हा थंड होता, आम्हाला त्याने जीवदान मिळालं हे खरं. पण पालिकांच्या तिजोरीत त्या वर्षी जो पैसा कमी आला त्यातून कोणत्या वस्तीचं कोणतं काम थांबलं, यावर चर्चाच झाली नाही. कशी होणार? पैसा आणि काम यांचा संबंधच जर कागदावर नाही.

कृष्णाकाठचा

वास्तुरंग, कामाची यादी आधी हवी हे तुमचं म्हणणं इथल्या दुसऱ्या पद्धतीत आहे. १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टच्या कलम १०६ खाली कौन्सिल आणि विकसक करार करतात. अमुक शाळेत वर्ग वाढवायला एवढे, तमुक चौकाला एवढे, आणि एकूण घरांतली इतकी परवडणाऱ्या दरात. करारातली मागणी तीन कसोट्यांना उतरावी लागते: ती परवानगीसाठी आवश्यक असली पाहिजे, त्या बांधकामाशी थेट निगडित असली पाहिजे, आणि त्याच्या आकाराला शोभेल एवढीच असली पाहिजे. बहुतेक करारांत मुदतही असते, बऱ्याचदा ५ किंवा १० वर्षं. तेवढ्यात खर्च झाला नाही तर विकसक पैसे परत मागू शकतो.

दुबळी बाजूही सांगतो. २०२४ मध्ये घरबांधणी कंपन्यांच्या संघटनेने अंदाज दिला की इंग्लंड-वेल्सच्या कौन्सिलांकडे कलम १०६ आणि सिल मिळून ८०० कोटी पौंडांहून जास्त रक्कम न वापरता पडून आहे. संघटना बिल्डरांची, त्यामुळे त्यांचा हेतू लक्षात घेऊन वाचावं. कौन्सिलांचं उत्तर असं की त्यातली पुष्कळ रक्कम ठरलेल्या कामांसाठी साठवलेली आहे, शाळा काही एका इमारतीच्या पैशात होत नाही. दोन्हींत तथ्य आहे. पण नियोजन खात्यातली माणसं कमी झाली, कामं आखायलाच कोणी नाही, हेही मी इथे पाहतोय.

तरी हा आकडा काढता आला तो कशामुळे? २०१९ च्या दुरुस्तीपासून प्रत्येक कौन्सिलला दर ३१ डिसेंबरपर्यंत 'इन्फ्रास्ट्रक्चर फंडिंग स्टेटमेंट' जाहीर करावं लागतं. किती आले, किती गेले, कशावर, किती उरले. आपल्याकडे हे एवढं जरी झालं तरी मी समाधानी होईन.

पॅरामॅटाची

सिडनीहून थोडक्यात. न्यू साउथ वेल्समध्ये नियोजन कायद्याच्या कलम ७.११ खाली विकसकाकडून पैसे घेतात (जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'सेक्शन ९४' आहे, २०१८ मध्ये क्रमांक बदलला). इथे आधी योजना छापावी लागते: कोणती बाग, कोणता रस्ता, कोणतं वाचनालय, अंदाजे खर्च, आणि सोबत नकाशा. त्या यादीच्या आधारावरच पैसे मागता येतात. साधारण एका घरामागे २० हजार डॉलर, नव्या वसाहतींच्या भागात ३० हजार. त्याच्या वर जायचं असेल तर राज्याची स्वतंत्र संस्था योजना तपासते. माझ्या मुलीच्या शाळेमागची बाग अशाच यादीतली. यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते, आणि मी घर घेण्याआधी ती बघितली होती.

पाऊलवाट

वाचून हेवा वाटतो. पण आपल्याकडे अगदीच काही नाही असंही नाही. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. दरवर्षी अर्ज निघतो, आपण आपल्या प्रभागातलं काम सुचवायचं, एका कामाला ५ लाखांपर्यंत. फुटपाथ, दिवे, बसथांबा, बाकडी अशी कामं त्यातून होतात. कल्पना फार चांगली. आमच्या गटाने मागे एक पादचारी क्रॉसिंग सुचवलं, यादीत आलं, आणि पुढे वर्गीकरणात तो निधी दुसऱ्या कामाला गेला. वर्षाच्या मध्यात निधी असा फिरवता येतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या मैत्रिणी त्यानंतर अर्ज भरायला तयार होईनात, आणि मला याचं सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. माणसं एकदा पुढे येतात. तेव्हा त्यांना धरून ठेवलं नाही तर पुन्हा येत नाहीत.

त्यात भर म्हणजे २०२२ पासून कित्येक वर्षं महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. विचारायचं कोणाला?

आराखडा

ताई, तुमचं क्रॉसिंग गेलं ते वाचून वाईट वाटलं. वर्गीकरणाचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे जातो, तिची विषयपत्रिका आधी निघते. ती दर आठवड्याला वाचणारं एक माणूस प्रत्येक प्रभागात हवं. एकच. एवढ्याने बरंच थांबतं, हे मी खुर्चीच्या त्या बाजूने पाहिलेलं आहे.

आता, वस्तीने ठरवायचं म्हटलं तर ठरवणार कोण? इंग्लंडात गावाला पॅरिश आहे. आपल्याकडे ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या, पण एकेका समितीखाली लाखोंची वस्ती. त्याखालच्या पातळीसाठी २००९ मध्ये राज्याने 'नगरराज' म्हणून ओळखली जाणारी दुरुस्ती केली. मतदान केंद्राच्या पातळीवर क्षेत्रसभा, मतदारांनी कामं सुचवायची, प्राधान्य ठरवायचं. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेचे पैसे हवे असतील तर असा कायदा करा अशी अट होती, म्हणून तो केला. अट पुरी झाली आणि क्षेत्रसभा कागदावर राहिल्या. मला विचाराल तर कायदा नवा आणायची गरज नाही. १२४-जे मध्ये 'शुल्काच्या किमान १५ टक्के रक्कम त्या क्षेत्रसभेच्या शिफारशीनुसार' एवढी ओळ घातली की दोन्ही कायदे जिवंत होतील. आणि खाडीपलीकडे म्हणतात तसा मागास वॉर्डांचा राखीव भाग त्याच कलमात.

वेम्बलीकर

काका, देखभालीचंही त्या ओळीत घाला. इथे वस्तीच्या वाट्यातून फक्त नवं बांधायचं असं बंधन नाही, असलेलं दुरुस्त करता येतं, चालवता येतं. नाहीतर बाग होते, उद्घाटन होतं, आणि दुसऱ्या वर्षी झोपाळ्याची साखळी तुटली की ती तशीच लोंबत राहते. मुलांनी काय करायचं?

ठाणे_पूर्व

आतापर्यंत नुसती वाचत होते. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. उद्या सकाळी मी काय करू शकते ते सांगा. आमच्या भागातल्या इमारतींनी किती भरलं आणि आमच्यावर किती खर्च झालं, हे दोन आकडे तरी हातात हवेत. माहितीच्या अधिकारात विचारता येईल ना? मी असा मसुदा केलाय:

"आमच्या प्रभागात गेल्या पाच वर्षांत बिल्डरांकडून किती विकास शुल्क व अधिमूल्य जमा झाले, ते कोणत्या कामांवर खर्च केले, आमच्या रस्त्याचे व गटाराचे काम का केले नाही, फुटपाथ कधी होणार, आणि निधी इतरत्र का वळवला याची माहिती द्यावी."

आराखडा

विचार चांगला आहे, पण हा अर्ज असाच दिलात तर फेटाळला जाण्याची शक्यता जास्त. महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे: एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. शिवाय 'का केले नाही' आणि 'कधी होणार' हे काढून टाका. कार्यालयात जी माहिती नोंदलेली आहे तीच मागता येते. कारणं आणि आश्वासनं मागता येत नाहीत. आणि शुल्क गोळा करतो तो विभाग वेगळा, खर्चाचा हिशेब ठेवतो तो वेगळा. म्हणून दोन अर्ज करा.

पहिला, बांधकाम परवानगी देणाऱ्या विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांना:

"अमुक प्रभागाच्या हद्दीत १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२५ या काळात दिलेल्या प्रारंभ प्रमाणपत्रांची यादी, प्रत्येक प्रकरणी भरलेले विकास शुल्क, अधिभार व अधिमूल्य यांच्या रकमा व चलनांच्या तारखांसह, द्यावी."

दुसरा, लेखा विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांना:

"कलम १२४-जे नुसार ठेवलेल्या विकास निधीचे वर्षनिहाय आरंभीची शिल्लक, जमा, खर्च व अखेरची शिल्लक दर्शवणारे विवरण, तसेच या निधीतून झालेल्या कामांची नावे, ठिकाण व रकमा, वरील कालावधीसाठी द्यावी."

प्रत्येकी १० रुपये शुल्क. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर कलम १९(१) खाली पहिलं अपील. "माहिती विस्तृत आहे" असं उत्तर आलं तर घाबरू नका, कागद प्रत्यक्ष तपासायला मागा. तोही तुमचा हक्क आहे. जाताना बरोबर वास्तुरंगसारख्या चलनं वाचता येणाऱ्या कोणाला तरी न्या.

वास्तुरंग

ठाण्यात मी येईन. फाइलमध्ये मागणीपत्र आणि चलन अशी दोन वेगळी पानं असतात. मागणीपत्रावर शीर्षनिहाय रकमा लिहिलेल्या असतात, ते पान आधी मागा.

ठाणे_पूर्व

दोन्ही अर्ज लिहून झाले. सोमवारी देते, आणि पोच मिळाली की त्यावरचा आवक क्रमांक इथे टाकते. पाऊलवाट ताई, तुम्ही पुण्यात हेच दोन अर्ज द्याल का? कालावधी सारखाच ठेवला तर दोन शहरांचे आकडे शेजारी ठेवता येतील.

पाऊलवाट

देते. मैत्रिणींनाही मसुदा पाठवलाय, दोघींनी आपापल्या प्रभागाचं नाव घालून परत पाठवला.